अर्धा चौक मागायला

कलावतीकाकूंना कुणाकडे काही जास्त दिसलं की त्यांची तव्यावरची पोळी करपायची. असं संदेश म्हणायचा. संदेश त्यांचा एकुलता मुलगा आणि माझा मित्र. "आज दोन करपल्या," तो सांगायचा. "शकूमावशीने मोठा फ्रीज घेतला."

काकूंचं पोळी-भाजी केंद्र डोंबिवली पश्चिमेला, कोपर रोडवर. इमारतीच्या जिन्याखालचा गाळा. आत दोन तवे, एक परात आणि भिंतीला टेकलेले मारुतीकाका. काका एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झाले आणि भाजीच्या पिशव्यांना गाठी मारायला बसले. ते फारसं बोलत नाहीत. त्यांच्या वाटणीचंही काकूच बोलतात.

शकूमावशीचं केंद्र रस्त्याच्या पलीकडे. तिच्याकडे गर्दी दिसली की काकूंचं लाटणं वाजायला लागायचं.

"आईला देवाच्या शेजारी पाट मांडून बसवलं ना," संदेश म्हणायचा, "तरी ती देवाच्या पाटाकडे बघेल. म्हणेल, त्याचा जाड आहे."

"जाडच असणार," काकू म्हणायच्या. "माझा पाट तुझ्या बापाने आणलेला असेल ना!"

काका हसायचे. आम्ही हसायचो. त्या घरात काकूंचा हेवा हा घरातलाच एक माणूस होता. त्याला जेवायला वाढत आणि त्याची चेष्टा करत.

संदेशच्या घरच्यांचं, पिसाळांचं, गाव माण तालुक्यात. तिथे घराआड एक जण सैन्यात. काकूंच्या जावेचा मुलगा आधी भरती झाला. तो जत्रेला गणवेश घालून आला. गावाने त्याला पालखीला खांदा द्यायला पुढे बोलावलं. काकू परत आल्या आणि तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी संदेशला म्हणाल्या, "तू काय कमी आहेस का?"

संदेशला पळायला आवडायचं. तो पहाटे खाडीच्या बाजूला पळायला जाऊ लागला. मी सायकलवर बरोबर असायचो. दुसऱ्या प्रयत्नात तो सैन्यात शिपाई म्हणून लागला. काकूंनी सगळ्या गिऱ्हाइकांना पुरणपोळी फुकट दिली. शकूमावशीला स्वतः नेऊन दिली. दोन दिल्या आणि ती खाईपर्यंत उभ्या राहिल्या.

गेल्या जुलैत सीमेवर गोळाबार चालू होता. वरच्या चौकीवर दारूगोळा घेऊन जाणारी गाडी रस्ता खचून दरीत गेली. त्यात संदेश होता.

त्याला तिरंग्यात आणलं. जवानांनी सलामी दिली. कोपर रोड बंद होता. गर्दीत कुठे उभं राहायचं ते मला कळत नव्हतं. काका माझा हात धरून होते, की मी त्यांचा, ते आठवत नाही.

मंडळाने रिक्षा स्टँडजवळ बॅनर लावलं. वीरपुत्र संदेश मारुती पिसाळ. पंधरा ऑगस्टला मंडळाचं झेंडावंदन काकूंच्या हस्ते झालं. मंडळाचे अध्यक्ष राघोभाऊ माइकवर त्यांना वीरमाता म्हणाले. काकूंनी दोरी ओढली. झेंडा अडकला. त्यांनी परत ओढली. फुलं खाली पडली तेव्हा त्या वर बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

त्यानंतर त्यांचा हेवा बदलला.

आधी तो फ्रीजचा होता, गिऱ्हाइकांचा होता. आता तो बायकांचा झाला. ज्यांची पोरं घरी येत होती त्या सगळ्या बायकांचा. डबा न्यायला एखादी आई मुलासोबत आली की काकू पिशवी त्या मुलाच्या हातात द्यायच्या नाहीत. आईच्याच हातात द्यायच्या. एक बाई मुलाबद्दल कुरकुरत होत्या. रात्री उशिरा येतो, कपडे कुठेही टाकतो.

"टाकतो ना?" काकू म्हणाल्या. "मग उचला की."

त्या बाई परत आल्या नाहीत. शकूमावशीकडे जाऊ लागल्या. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. हे बघून काका घाबरले. मला म्हणाले, "ही शकूवर चिडत नाही रे आता." त्यांनी एवढं मोठं वाक्य बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

डिसेंबरात पुन्हा गोळाबार सुरू झाला. चौकीवर तोफगोळा पडून कॅप्टन अद्वय खोपकर गेले. आमच्याच रस्त्याच्या टोकाला नवा टॉवर आहे. तिथे त्यांचे आईवडील दोन वर्षांपूर्वी राहायला आले होते.

पुन्हा रस्ता बंद झाला. या वेळी गर्दी जास्त होती. टीव्हीच्या गाड्या आल्या. मंडळाच्या पोरांनी रिक्षा स्टँडवर नवं बॅनर बांधलं. वेगळे बांबू कोण आणणार? संदेशच्या बॅनरवरच बांधलं.

काकूंनी गाळ्यातून पाहिलं. पोळी तव्यावर होती. ती काळी झाली, धूर झाला, काकांनी उठून गॅस बंद केला.

"खाली संदेश आहे," काकू म्हणाल्या.

दोन दिवसांनी कळलं की रिक्षा स्टँडच्या चौकाला कॅप्टन अद्वय खोपकर चौक असं नाव देणार. काकू पीठ लागलेल्या हातांनीच मंडळाच्या ऑफिसात गेल्या. मी तिथेच होतो. राघोभाऊंनी श्रद्धांजलीचा मजकूर लिहायला मला बोलावलं होतं. मी मराठीत एम.ए. केलं आहे, म्हणून असली कामं माझ्याकडे येतात.

"त्या चौकात माझा पोरगा वाढला," काकू म्हणाल्या. "तिथे पडून त्याचा दात तुटलाय. तो कॅप्टन तिथे चहा तरी प्यायलाय का कधी?"

"काकू, बसा ना," राघोभाऊ म्हणाले. "पाणी आण रे."

"पाणी नको. माझा पोरगा कमी का? ते सांग."

राघोभाऊ माणूस वाईट नाही. त्यांनी उगाच फाइल हलवली. "तसं नाही काकू. पण तो... ॲक्सिडेंट होता ना."

"गाडी काय पिकनिकला चाललेली?"

कॅरमची सोंगटी कुणीतरी उचलली आणि आवाज होणार नाही अशी परत ठेवली.

"हे बघा," राघोभाऊ शेवटी म्हणाले. "मंदाकिनीमॅडम हो म्हणाल्या तर पाटीवर दोन्ही नावं टाकू. माझी ना नाही. पण त्यांना आत्ता कोण विचारणार? मी नाही विचारणार."

मंदाकिनीमॅडम म्हणजे अद्वयची आई. बँकेतून निवृत्त झालेल्या.

"मी विचारते," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तू विचार. तू शुद्ध बोलतोस. मी तोंड उघडलं की भाकरीच दिसते."

काकूंच्या गावाकडे कडू घास नेतात. घरात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. मग भावकीतले, शेजारचे भाकरी-पिठलं घेऊन जातात. नुसतं पोचवून येत नाहीत. समोर बसतात आणि घरच्यांना भरवतात. संदेशच्या वेळी जाऊबाई गावाहून भाकऱ्या घेऊन आल्या होत्या. काकूंनी तोंड मिटून घेतलं होतं. जावेचा मुलगा शेजारीच बसला होता, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. पिठलं केलं. पांढऱ्या फडक्यात बांधलं. सगळं एका पिशवीत घालून माझ्याकडे दिलं आणि पुढे चालायला लागल्या. रस्त्यात म्हणाल्या, "आधी खाऊ घालायचं. मग विचारायचं. खाल्लेलं माणूस नाही म्हणत नाही."

"काकू, हे बरोबर आहे का?"

"तू चौकाचं बोल. बरोबर-चूक मी बघते."

अकराव्या मजल्यावर दार एका मुलीने उघडलं. ती मंदाकिनीबाईंची भाची, मैथिली. डोळे सुजलेले, कानाला फोन. तिने पिशवीतलं फडकं पाहिलं, काकूंच्या पदरावरचं पीठ पाहिलं.

"डबे का? एवढा उशीर?" ती म्हणाली. "बारा जणांचं सांगितलं होतं. आणि ह्या भाकऱ्या आहेत का? पोळ्या सांगितलेल्या मी. जाऊ दे, ठेवा आत. जीपे करते, नंबर सांगा."

मला कुठेतरी लपावंसं वाटलं. काकू दारातच उभ्या होत्या.

"ऑर्डर कुणाला दिली होती?" त्यांनी विचारलं.

"शकूताईंना."

"तिच्या पोळ्या थंड झाल्या की चामडं होतात," काकू म्हणाल्या. हे त्या थांबवू शकल्या नसाव्यात. मग त्यांनी पदर नीट केला. "मी डबेवाली नाही. म्हणजे आहे, पण आज नाही. मी संदेशची आई."

मैथिलीला काही कळलं नाही. पण आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मंदाकिनीबाई स्वतः दारापर्यंत आल्या. उंच, बारीक बाई. कुणाची तरी शाल पांघरलेली. "संदेश पिसाळ?" त्या म्हणाल्या. "बॅनरवरचा?"

"होय."

"या. आत या."

आतल्या खोलीत आम्हांला बसवलं. दार ओढून घेतलं. बाहेर नातेवाईक हळू आवाजात बोलत होते. टेबलावर अद्वयचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार. काकूंनी फोटो पाहिला. हार पाहिला. खोली पाहिली, पडदे पाहिले, एसी पाहिला. मी त्यांना ओळखतो. त्या मोजत होत्या.

"मी तुमच्या मुलाचं बॅनर रोज बघायचे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "भाजी आणायला जाताना. मग बघवेना. मी पलीकडच्या फुटपाथने जायला लागले. तुमच्या दुकानावरूनसुद्धा जायचे नाही. मला तुमची भीती वाटायची."

"माझी?"

"तुमची दृष्ट लागेल अशी नव्हे हो. तुमच्यासारखं व्हायची."

काकूंनी मान हलवली. हे त्यांना एकदम समजलं असावं. त्यांनी फडकं सोडलं.

"आमच्यात कडू घास आणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्यात चालतं का?"

"आमच्यात नाही तशी पद्धत." मंदाकिनीबाईंनी भाकरीकडे पाहिलं. "पण ठेवा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बोल. मी घसा साफ केला. मी वाक्य तयार करून आणलं होतं. त्यात 'दोन्ही सुपुत्रांची स्मृती' असे शब्द होते. ते तोंडात आले आणि मला त्यांची लाज वाटली.

मंदाकिनीबाईच आधी बोलल्या.

"सगळे मला चौकाचं सांगतात," त्या म्हणाल्या. "सकाळी नगरसेवक येऊन गेले. पाटी कशी असेल, उद्घाटन कधी. मी हो हो म्हणते. मला काही ऐकू येत नाही." शाल त्यांनी मुठीत धरली होती. "मला त्याचा चेहरा बघायचा होता. पेटी बंद होती. ते अधिकारी म्हणाले, मॅडम, बघू नका. माझे यजमान म्हणाले, बघू नकोस. सगळ्यांनी मिळून ठरवलं. तोंडात पाणी घालतात ना शेवटचं? मी पेटीवर घातलं. लाकडावरून ओघळून खाली आलं. कुणीतरी फडक्याने पुसून घेतलं."

बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

"तुम्हांला दिसला का हो?" त्यांनी विचारलं. "तुमच्या मुलाचा चेहरा?"

त्यांचे डोळे काकूंवर होते. मी ते डोळे ओळखले. जावेच्या मुलाकडे बघताना काकूंचे असेच व्हायचे. शकूमावशीच्या गर्दीकडे नव्हे, त्या पोराकडे बघताना. इथे, अकराव्या मजल्यावर, एसीच्या खोलीत, चौक मिळालेली बाई कलावतीकाकूंचा हेवा करायला टपून बसली होती. फक्त एका होकाराची वाट बघत होती.

"नाही," काकू म्हणाल्या.

मी काकूंकडे पाहिलं.

"आमचीपण बंदच होती," काकू म्हणाल्या. "दरीतून काढलेला ना. उघडलीच नाही त्यांनी."

संदेशची पेटी उघडली होती. मी पायाशी उभा होतो. काकूंनी गुडघे टेकले, त्याच्या गालाला हात लावला, तुळशीचं पान ठेवलं, चमच्याने पाणी घातलं. पाणी ओठांच्या कडेने बाहेर आलं तेव्हा त्यांनी ते पदराने टिपलं, लहान पोराचं टिपतात तसं. मग परत घातलं. एक जवान घड्याळाकडे बघत होता. काकूंनी त्याला हाताने थांब म्हटलं होतं आणि तो थांबला होता.

मंदाकिनीबाईंचा श्वास सुटला. खांदे खाली आले. त्यांनी काकूंचा हात धरला. आता त्या दोघी सारख्या होत्या.

"मग तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही केलंत तेच," काकू म्हणाल्या. "लाकडावर घातलं."

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि पुढे केला. मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. किती वेळ चावत होत्या कुणास ठाऊक. मैथिली दार ढकलून आत आली, आत्या जेवते आहे हे तिने पाहिलं आणि तशीच मागे गेली. मला बाहेरून तिचं रडणं ऐकू आलं.

काकूंनी अर्धी भाकरी भरवली. मग फडकं तिथेच ठेवून उठल्या. चौकाचा विषय निघाला नाही.

लिफ्टमध्ये मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं नाही त्यांना."

"काय?"

"पेटी उघडलेली."

काकू लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"चांगलं केलंत," मी म्हणालो. "त्यांना किती वाईट वाटलं असतं."

"तिला वाईट वाटेल म्हणून नाही." त्या चिडल्या. "तू शिकलेला आहेस, तुला असलंच सुचणार. मी हो म्हटलं असतं तर ती पुढचं विचारणार होती. कसा दिसत होता. शांत होता का. मग मला सांगावं लागलं असतं. तिने ते घेतलं असतं. रोज रात्री त्याच्या जागी स्वतःचा पोरगा ठेवून बघितलं असतं. मी असते तर मी तेच केलं असतं."

लिफ्ट थांबली.

"सगळं तिलाच," काकू म्हणाल्या. "टीव्ही तिला, कॅप्टन तिचा, चौक तिचा. तोंडात पाणी पडलं ते माझ्या पोराच्या. ते नाही द्यायचं मी."

रिक्षा स्टँडवर राघोभाऊ उभे होते. दोन पोरं टेपने खांबाची उंची मोजत होती. राघोभाऊ पुढे आले. आमच्याकडे बघून आवाज खाली केला.

"काय म्हणाल्या मॅडम? टाकायची दोन्ही नावं?"

मी काकूंकडे पाहिलं. एवढ्यासाठीच तर आम्ही गेलो होतो.

"एकच टाक," काकू म्हणाल्या. "तिच्या पोराचं."

"नक्की काकू? नंतर म्हणाल..."

"नाही म्हणणार. अक्षरं मोठी काढ. अकराव्या मजल्यावरून दिसली पाहिजेत." त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि वळल्या. "आणि तिच्याकडे शकूचे डबे जाताहेत. ते बंद कर. उद्यापासून मी देणार. पैसे नको, पण शकूच्या पोळ्या नको."

राघोभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

आम्ही गाळ्याकडे चालत होतो. काका बाहेर येऊन उभे होते. ते वाट बघत होते पण विचारणार नव्हते. काकू मधेच थांबल्या.

"मिशी ठेवलेली त्याने," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"संदेशने. फोनवर कधी बोलला नाही. फोटो पाठवला तर त्यात टोपी, मफलर. पेटी उघडली तेव्हा बघितलं मी. म्हटलं, कधी ठेवली रे? बारीक होती. शोभत होती."

"हो," मी म्हणालो. "शोभत होती."

हे मी सहज बोललो. काकूंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांच्या घरातलं काहीतरी माझ्या खिशात सापडलं असावं, तसं.

"तूपण होतास नाही का तिथे," त्या म्हणाल्या.

आणि माझ्या हातातली रिकामी पिशवी काढून घेऊन त्या पुढे गेल्या.